ठाण्यात चर्चामंडळ चालवायचंय, पण येतात तीच तीच माणसं. अनुभवी मंडळींनी सांगा

तलावपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. यंदा आम्ही वर्षभराची चर्चामाला करायची ठरवली आहे. इतिहास, साहित्य, चालीरीती, भाषा, जमलं तर थोडं तत्त्वज्ञान. व्याख्यान नाही, लोकांनी गोल बसून एकमेकांशी बोलायचं. ठरावात 'शहरातील सर्व समाजघटकांना सामावून घेणारी' असं लिहिलंय. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. सामावून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

सध्याची परिस्थिती अशी. वाचनालयाचा हॉल, रविवारी सकाळी दहा. येणारे म्हणजे निवृत्त बँकवाले, शिक्षिका, दोनतीन कवी. वाचलेली, प्रेमळ माणसं आहेत, तक्रार काहीच नाही. पण चेंदणी कोळीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथून कुणी येत नाही. स्टेशनपलीकडच्या कोपरीतून, वागळे इस्टेटमधून, येऊरच्या पाड्यांवरून, घोडबंदर रोडच्या टॉवरांतून किंवा मुंब्रा-कौशातूनही नाही.

आणि हे ठाण्यात व्हावं याचं नवल वाटतं. १८९३ साली वि. ल. भाव्यांनी इथे मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग त्याहून जुनं, १८७९चं. आणि बेने इस्रायल, म्हणजे आपली मराठी बोलणारी ज्यू मंडळी, त्या काळात बायबलमधल्या कथांवर चक्क मराठीत कीर्तनं करत होती. म्हणजे गाव पहिल्यापासून मिश्र आहे. आमचा हॉल तेवढा नाही.

विषय कसे निवडता? वेळ, जागा, भाषा? भांडण झालं तर काय करता? पैसे कुठून आणता? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी लिहा. पुस्तकी सल्ले माझ्याकडे भरपूर आहेत.

खारीबिस्कीट

चहाबरोबर बटाटेवडा ठेवा. सर्व समाजघटक येतील. :)

कोलशेतकर

तलावपाळीताई, रविवारी सकाळी दहा ही वेळ कुणी ठरवली?

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. रविवारी सकाळी आमच्या बायका बाजारात बसलेल्या असतात. तुमचे बँकवाले काका त्यांच्याकडूनच पापलेट घेऊन घरी ठेवतात आणि मग हॉलवर येतात. घरकाम करणाऱ्या बायकांचंही तेच. रविवारी कामाच्या घरी पाहुणे असतात, सुट्टी कसली, काम वाढतंच. वेळ ठरवली तेव्हाच निम्मं शहर गळलं.

मंगळवार किंवा गुरुवार, दुपारी अडीच ते साडेचार करून बघा. बाजार आटोपलेला असतो, नळाला पाणी यायला अवकाश असतो, मुलं शाळेत किंवा क्लासला.

दुसरं, जागा. तुमच्या हॉलला यायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी पाहुणं जाणं. चप्पल कुठे काढायची इथपासून प्रश्न. तुम्हीच या ना. गावात समाजमंदिर आहे, देवळाची ओसरी आहे. मैदान सोडून कुठेही या. मैदानात क्रिकेट असतं, तिथे तुमची तत्त्वज्ञानाशी भेट होणार नाही.

तिसरं महत्त्वाचं. आम्हाला 'कोळी समाजाचे प्रतिनिधी' म्हणून बोलावू नका. आमची आठवण झाली की लोक नाच बसवायला सांगतात.

मुंब्रावाली

कोलशेतकर, +१. तुम्हाला नाच, आम्हाला शिरखुर्मा. दर ईदच्या सुमारास कुठल्या तरी संस्थेचा फोन येतो: राष्ट्रीय एकात्मतेवर दोन शब्द बोलाल का? एरवी वर्षभर एकात्मता बरी असते बहुतेक.

आमचं घर कौशातलं, कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथले. शेजारच्या बिल्डिंगमध्ये १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेलं कुटुंब. खाली आझमगडचा टेलर. आमची घरातली बोली वेगळी, लग्नाची गाणी वेगळी, जेवणसुद्धा वेगळं. तिघांसाठी मिळून 'मुस्लिम समाज' अशी एक खुर्ची ठेवली तर त्या खुर्चीवर बसणाऱ्याने बोलायचं काय? मग तो पाठ केलेलं बोलतो. तुम्ही टाळ्या वाजवता. तो निघून जातो.

मला लोकलबद्दल विचारा, मी तासभर बोलेन. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्र्यादरम्यान गर्दीच्या गाडीतून माणसं पडली, काही जीव गेले. त्या आठवड्यात डब्यात जे बोलणं ऐकलं ते कुठल्याच परिसंवादात ऐकलं नाही. त्यात हिंदू-मुसलमान, मराठी-भय्या सगळे होते. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली म्हणून आपण कौतुक करतो ना? मग एक बैठक त्यावर घ्या: गाडी आली, पुढे आपलं काय झालं.

शंकेखोर

व्याख्यानांना नावं ठेवायची फॅशन झाली आहे. रानड्यांनी पुण्यात १८७५ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती आजही चालू आहे. ज्याला विषयातलं कळतं त्याने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, यात वाईट काय? गोल बसून प्रत्येकाने आपापलं अज्ञान वाटून घ्यायचं याला चर्चा म्हणतात का?

दुसरी शंका. ही सगळी माणसं आली तर बोलणार कुठल्या भाषेत? शेवटी हिंदीतच ना? मराठी वाचनालयाच्या पैशाने हिंदी गप्पा, हे सभासदांना चालेल का ते आधी विचारा.

तिसरी: धर्म, जात निघाली आणि कुणी तक्रार केली तर? भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे (समाजगटांत तेढ वाढवणं), २९९ आहे (धार्मिक भावना दुखावणं). संयोजक म्हणून नाव तुमचंच असणार.

लांबचा वाचक

मूळचा ठाण्याचा (चरई), हल्ली अमेरिकेत. इथे एका राज्याच्या मानव्यविद्या (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) परिषदेच्या चर्चागटांत स्वयंसेवक म्हणून काम केलंय. धागा वाचून राहवलं नाही. लांबण लागली तर क्षमस्व.

आधी शंकेखोरांना. जाणकार हवाच, पण तो पुढे उभा नको, बाजूला बसलेला हवा. स्वीडनमध्ये १९०२ला लुंड गावात ऑस्कर ओल्सॉन नावाच्या शिक्षकाने अभ्यासमंडळं सुरू केली. दारूबंदी चळवळीतली कष्टकरी माणसं, कमी शिकलेली. पुस्तक एकत्र घ्यायचं, वाचायचं आणि बोलायचं. शिकवायला मास्तर नाही. ती पद्धत त्या देशात आजही रुजलेली आहे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरेने १९६३ला आंगिकोस गावात मजुरांना अक्षरओळख दिली तीसुद्धा धड्यांनी नाही, चित्रं दाखवून आणि त्यावर बोलतं करून. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, फ्रेरेला तुरुंगात टाकलं आणि मग देश सोडावा लागला. माणसं नुसती बोलली तर काय होतं असं कुणी विचारलं तर हे सांगत जा.

इथला अनुभव. १९६५च्या कायद्याने केंद्राचा मानव्यविद्या निधी झाला, पुढे राज्याराज्यांत परिषदा झाल्या. वाचनालयात, तुरुंगात, इस्पितळात चर्चागट चालतात. माजी सैनिकांच्या गटांत होमर हा प्राचीन ग्रीक कवी वाचतात, हे मला पहिल्यांदा विनोदी वाटलं होतं. ट्रकवर काम करणारा माणूस आणि ट्रॉयचं युद्ध! पण इराकहून आलेल्या माणसाला 'तुझ्या युद्धाबद्दल सांग' म्हटलं की तो गप्प होतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या घरी परतण्याची गोष्ट वाचली की बोलायला लागतो. मजकूर एक पाऊल लांबचा निवडायचा, हे मी तिथे शिकलो. तुमच्याकडे थेट 'आंतरधर्मीय विवाह' असा विषय लावला तर सगळे भूमिका घेऊन येतील. जुना छोटा मजकूर ठेवा.

एक सुचवतो. मुक्ता साळवेचा १८५५चा निबंध. फुल्यांच्या शाळेतली चौदाएक वर्षांची मातंग मुलगी, 'ज्ञानोदया'त छापून आलेला. बैठकीत मोठ्याने वाचून होईल इतका लहान आहे, आणि आपला धर्म कुठला असं ती थेट देवालाच विचारते. तो वाचल्यावर चर्चा कशी सुरू करायची याची काळजी तुम्हाला पडणार नाही. झेरॉक्स काढायलाही अडचण नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो.

मोठ्याने वाचा, हे पुन्हा सांगतो. 'घरून वाचून या' म्हटलं की ज्यांना वाचनाची सवय नाही ते येतच नाहीत, आणि ज्यांना आहे ते न वाचता येतात.

पैशाबद्दल. १९९५ला न्यूयॉर्कमध्ये अर्ल शॉरिसने गरीब वस्तीतल्या प्रौढांसाठी तत्त्वज्ञान, कला, इतिहासाचा फुकट वर्ग काढला, क्लेमेंटे अभ्यासक्रम म्हणून तो ओळखला जातो. प्लेटोबरोबर त्याने सबवेची टोकनंही दिली. येण्याजाण्याचा खर्च हा कार्यक्रमाचाच खर्च आहे, उपकार नाही. आणि एकाच दात्यावर विसंबू नका. एप्रिल २०२५मध्ये इथल्या सरकारने राज्य परिषदांची अनुदानं एका फटक्यात रद्द केली. ज्या गटांचा खर्च चहापुरता होता आणि जागा गावातल्या वाचनालयाची होती, त्यांना त्यातल्या त्यात कमी झळ बसली.

वाशीतली काकू

सगळ्यांनी मोठमोठं लिहिलंय. मी बारीकसारीक लिहिते.

स्वच्छतागृह आहे का? चालू आहे का? आतून कडी लागते का? नसेल तर बायका येणार नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सांगणारही नाहीत. जिना आहे की लिफ्ट? लहान मुलांना बसवायला कोपरा, चार खडू, जुने कागद. भारतीय बैठक घातलीत तर भिंतीकडेला पाचसहा खुर्च्या पण ठेवा, पण त्या मान्यवरांसाठी नव्हेत, गुडघ्यांसाठी.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पुष्पगुच्छ बंद करा. त्यात वेळ जातो हे आहेच, पण त्यातून हे घर कुणाचं आहे तेही कळतं.

भाषेचं. आमच्या शेजारच्या मल्याळी बाई कित्येक वर्षं वाशीत आहेत. मराठी सगळं कळतं, भाजीवाल्याशी हुज्जतही मराठीतच घालतात. पण चार माणसांत बोलत नाहीत, कारण एकदा कुणीतरी हसलं. आमच्या महिला मंडळात नियम आहे: चालवणारी मराठीत बोलणार, बाकीच्यांनी जमेल त्या भाषेत बोलायचं, शेवटी मराठीत सांगायचं काय काय झालं. ज्यांना अडतं त्यांच्या शेजारी एक जण बसून कानात सांगते. शंकेखोरभाऊ, त्या बाई आता मंडळात मराठीत बोलतात. व्याकरण काढत बसलो असतो तर बोलल्या नसत्या.

शंकेखोर

काकू, हा मुद्दा मान्य. कलमांचं कोणी बोललं नाही अजून.

तुर्भे नाका

कलमांचं मी बोलतो. नवी मुंबईत आम्ही काही मित्र बैठका घेतो. संस्था नाही, नोंदणी नाही, लेटरहेड नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोला. पण आमच्याकडे तक्रारीपर्यंत गेलेली भानगड बैठकीतल्या बोलण्याने झाली नव्हती, कुणीतरी काढलेल्या वीस सेकंदांच्या व्हिडिओने झाली होती. तेव्हापासून मोबाइल पिशवीत. फोटो हवाच असेल तर शेवटी, विचारून, ज्यांना नको ते बाजूला होतात. बैठकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. काढलाच तर फक्त वेळ-जागा कळवायला, बाकीच्यांना लिहिण्याची सोय बंद ठेवून. नाहीतर मंगळवारी दोन तास समोरासमोर जे नीट बोललं गेलं ते बुधवारी सकाळी फॉरवर्ड केलेल्या एका मेसेजने धुऊन जातं.

आता विषयाचं. लांबचा वाचक म्हणतात एक पाऊल लांबचं घ्या. पटतं, पण कायम लांबचंच घेत राहिलात तर लोकांना कळतं की तुम्ही टाळताय. आमच्याकडे टाळता न येणारा विषय म्हणजे जमीन. १९७०ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासई-उरण भागात गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड परत, हे त्याच लढ्याचं फळ. हे गावातल्या पोराला तोंडपाठ असतं आणि शंभर पावलांवर सेक्टरात राहणाऱ्या माणसाला बहुधा ठाऊकच नसतं. त्याने घर घेतलं, कर्ज फेडलं, त्याच्यासाठी गोष्ट तिथून सुरू होते. आणि तुर्भे स्टोअरच्या वस्तीतला माणूस म्हणतो, तुमच्या दोघांच्या नावावर काहीतरी आहे, माझ्या नावावर विजेचं बिल आहे.

ही तिन्ही माणसं एका खोलीत बसवायची होती. मत विचारलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत खुर्च्या उडाल्या असत्या. म्हणून सांगितलं, येताना घरातला एक कागद आणा, राहत्या जागेचा, कुठलाही. लोकांनी सातबाऱ्याच्या झेरॉक्सा आणल्या, अलॉटमेंट लेटर, भाडेकरार, रेशनकार्ड. एका आजींनी भूसंपादनाची नोटीस आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पुन्हा पिशवी. बाजारात काम करणाऱ्या एका माथाडी कामगाराने मंडळाचं ओळखपत्र आणलं. म्हणाला, साताऱ्याला घर आहे, इथे हे आहे. प्रत्येकाने कागदातली एक ओळ वाचायची आणि तो कागद हातात आला तेव्हा घरात काय चाललं होतं एवढंच सांगायचं. पहिली फेरी संपेपर्यंत प्रश्न विचारायचे नाहीत.

भांडण झालं नाही असं नाही. सेक्टरातले एक गृहस्थ गावठाणातल्या इमारतींना बेकायदा म्हणाले. गावातले एक आजोबा उभेच राहिले. म्हणाले, पोरांची लग्नं झाली, घर वाढवायला जागा दिली कुणी? गरजेपोटी बांधलं. अशा वेळी आमचा एक नियम आहे: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. सेक्टरवाल्यांना आजोबांचं म्हणणं तीन वेळा सांगावं लागलं, तेव्हा कुठे आजोबा म्हणाले, 'हां, असं.' आजोबांनी मात्र त्यांचं म्हणणं सांगायला साफ नकार दिला. एक जण मध्येच उठून गेला, तो पुन्हा आला नाही. सगळे गळ्यात गळे घालून घरी गेले असं काही सांगणार नाही. पण पुढच्या बैठकीला आजींची नोटीस वाचायला सेक्टरातले दोघे भिंगाचा चष्मा घेऊन आले, कारण ती मोडकळलेल्या झेरॉक्सवरची शासकीय मराठी कुणालाच धड लागत नव्हती.

वेळेबद्दल कोलशेतकरांशी सहमत. भाजी मार्केट पहाटेच्या आधी सुरू होतं. तिथल्या माणसाला संध्याकाळी सातला बोलावलं तर तो बसल्या जागी झोपतो, आणि त्याला चर्चेत रस नाही असं तुम्ही अहवालात लिहिता.

खारीबिस्कीट

कागदाची कल्पना जबरदस्त. वाचनखूण साठवली.

शंकेखोर

चांगला प्रतिसाद. तरी विचारतो, उठून गेलेल्या माणसाचं काय? असे चार गेले तर उरतात ते एकमेकांशी सहमत असलेलेच. मग नौपाड्याच्या हॉलपेक्षा वेगळं काय झालं?

तुर्भे नाका

बरोबर प्रश्न आहे, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं करतो की बैठकीला दोघं चालवणारे असतात. एक बोलणं सांभाळतो, दुसरा माणसं. कुणी उठलं की दुसरा त्याच्याबरोबर बाहेर जातो, टपरीवर चहा घेतो. परत चला म्हणत नाही, नुसता ऐकतो. बरेचदा खरी चर्चा तिथेच होते.

मुंब्रावाली

दोघं हवेतच, आणि दोघं एकाच जातकुळीतले नकोत. एक बाई असेल तर उत्तम. नुसती 'पाहुण्यांची ओळख' करून देणारी बाई नाही, बैठक चालवणारी.

पहिल्या फेरीचाही आमच्याकडे नियम होता: प्रत्येकजण एकदा बोलल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, 'पुढे चला' म्हणायची मुभा. आणि 'आमच्यात असं असतं' ऐवजी 'आमच्या घरी असं होतं' असं बोलायचं. एवढ्याने अर्धी भाषणं गळतात.

तलावपाळी

किती छान लिहिताय सगळे! ऑफिसमधून चोरून वाचत होते. दोन गोष्टींवर अजून मदत हवी.

एक: आमच्याकडचे एक काका. 'प्रश्न नाही, छोटीशी प्रतिक्रिया आहे' असं म्हणून उठतात आणि पंधरा मिनिटं उभे असतात. विद्वान आहेत, देणगीदारही आहेत.

दोन: अहवाल. कार्यकारिणीला उपस्थितीचे आकडे आणि फोटो लागतात. ग्रंथालय अनुदानाच्या तपासणीतही उपक्रमांचा कागद दाखवावा लागतो.

वाशीतली काकू

काकांना घड्याळ द्या. वेळ सांभाळायचं काम. जो दुसऱ्यांना 'दोन मिनिटं झाली' म्हणतो त्याला स्वतः पंधरा मिनिटं उभं राहायला लाज वाटते. आमच्याकडच्या अशाच बाईंना इतिवृत्त लिहायला दिलं होतं. लिहिता लिहिता ऐकायला लागल्या.

लांबचा वाचक

अहवालात एकूण आकड्यापेक्षा दुसऱ्यांदा आलेल्यांचा आकडा लिहा. आणि आपणहून कुणी शेजाऱ्याला घेऊन आलं का, तेही. शंभर माणसं एकदा येण्यापेक्षा बारापंधरा माणसं वर्षभर येणं कठीण असतं, कार्यकारिणीला हे पटवावं लागेल. गटही त्याहून मोठा करू नका, फार झाले तर दोन गट करा. फोटोऐवजी बैठकीत वाचलेल्या मजकुराची प्रत आणि निघालेले प्रश्न जोडा. तपासणीला उपक्रम झाल्याचा पुरावा लागतो, चेहरे नाही.

कोलशेतकर

एक विषय सुचवू? लग्नाची गाणी.

आमच्याकडे आगरी-कोळ्यांत लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, एकेका विधीचा वेगळा धवला. येऊरच्या वारल्यांत धवलेरी असते, तिथे तर लग्नच ती लावते. भटजी नाही, बाई लावते. म्हणजे खाडीकाठी आणि डोंगरात एकाच कामाची बाई आहे आणि मध्ये घोडबंदर रोड. टॉवरमधल्या यूपी-बिहारच्या बायकांकडे वऱ्हाड्यांना शिव्या देणारी गाणी असतात, आईची मैत्रीण सांगते. मुंब्रावालीताई, तुमच्याकडेही असणारच.

माझी मावशी धवलारीण आहे. तिला विचारलं तर म्हणाली, 'मना काय बोलाला येतंय तिथं?' गायला सांगितलं तर तिला वेळेत थांबवणं कठीण.

मुंब्रावाली

आहेत ना! हळदीची, मेहंदीची, आणि नवऱ्या मुलाच्या बहिणींना चिडवायची. माझ्या फुफ्फूला (आत्याला) आणते. फक्त हॉलमध्ये नको, आणि पुरुष मागे बसले तर जरा मोकळं होईल. चिडवायची गाणी आहेत, समजून घ्या.

शंकेखोर

लग्न बाईने लावायचं, या विषयावर तर मीही येईन. मागे बसतो.

तलावपाळी

हे ठरलंच असं समजा! मी तर पत्रिकेचा मजकूरही करायला घेतला: प्रा. अमुक प्रास्ताविक करतील, मानधन अमुक. धवलारीण मावशींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार...

मुंब्रावाली

थांबा, थांबा. प्राध्यापकांना पाकीट आणि मावशीला नारळ?

कोलशेतकर

मी लिहिणारच होतो, पण घरचं माणूस म्हणून गप्प बसलो होतो. लग्नात मावशीला मानाचं असतं, साडी असते, पैसे असतात. तिचं ते काम आहे. त्या दिवशी ती दुसरीकडचं काम सोडून येणार.

तुर्भे नाका

प्राध्यापकांपेक्षा मावशीला जास्त द्या असं माझं मत. प्राध्यापकांचा पगार चालू असतो.

आणि एक. गाणी रेकॉर्ड करायची असतील तर आधी विचारा, लेखी घ्या, कुठे वापरणार ते सांगा आणि एक प्रत त्यांना द्या. नाहीतर उद्या कुणाच्या तरी रीलवर मावशीचा आवाज वाजतो आणि खाली नाव तिसऱ्याचंच.

लांबचा वाचक

मानधन सारखं ठेवा. वाद मिटतो, आणि पुढच्या वेळी प्राध्यापक येतात की नाही यावरून तुम्हाला त्यांच्याबद्दलही कळतं.

संपादक

गेले चार प्रतिसाद 'मराठी शाळा आणि हिंदीची सक्ती' या विषयावर भरकटले होते, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे.

तलावपाळी

कार्यकारिणीची बैठक झाली. मानधन सारखं, हे दोन विरुद्ध बाकीचे असं मंजूर झालं. (दोनातले एक म्हणजे आमचे प्रतिक्रियावाले काका. पण घड्याळ सांभाळायला तयार झालेत.) प्रास्ताविक रद्द, प्राध्यापक बाई गोलातच बसणार आहेत. त्यांनी स्वतःच तसं सुचवलं.

बैठक कोलशेतच्या समाजमंदिरात, गुरुवारी दुपारी अडीच वाजता. येऊरहून येणाऱ्यांसाठी दोन रिक्षा सांगितल्या आहेत, भाडं आमचं. मुंब्र्याहून तिघी येतायत, स्टेशनवरून त्यांना घ्यायला मीच जाणार. स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती, काल सुतार पाठवला. पहिल्या बैठकीला धाग्यावरच्या सगळ्यांनी गर्दी करू नका प्लीज, खोली भरून प्रेक्षक झाले तर गाणारणी लाजतील. शंकेखोर आणि खारीबिस्कीट पुढच्या वेळी. शंकेखोर, त्यासाठी मुक्ता साळवेचा निबंध तुम्ही वाचायचा आहे, मोठ्याने.

शंकेखोर

वाचेन. चष्म्याचा नंबर वाढलाय, प्रत मोठ्या अक्षरांत काढा.

कोलशेतकर

ताई, मावशी विचारतेय, पैसे आधी की नंतर?

तलावपाळी

आधी. आल्या आल्या हातात. व्हाउचर मी भरूनच आणते, त्यांनी फक्त सही करायची. आणि विचारून ठेव, ढोलकी लागते का? लागत असेल तर कुणाची आणायची?

कोलशेतकर

ढोलकी नको. टाळ्या पुरतात, पण मागून गाणं ओढायला दोन बायका लागतात. त्यांचंही पाकीट धरा.